कानात सांगितलेली नावं

नाव ऐकताना गुरुजी डावा कान तळहाताने गच्च झाकून घेत. यजमान उजव्या कानाशी तोंड नेऊन कुजबुजे आणि गुरुजी डोळे मिटून, डाव्या कानावर हात दाबून बसत. कुणी विचारलंच, ‘गुरुजी, हा कान कशाला झाकता?’ तर म्हणत, ‘इकडून आलेलं तिकडून सांडू नये म्हणून.’

त्यांच्याबद्दल लिहायचं मी फार वर्षं टाळलं. मोहल्ल्यातल्या जुन्या लोकांवर मी दोन-तीनदा लिहिलं, दिवाळीच्या अंकात छापूनही आलं. दरवेळी कुणीतरी विचारायचं, ‘आणि राजा घाटावरच्या गुरुजींवर का नाही लिहिलंत? तुमचं तर इतकं जाणं-येणं होतं.’ मी म्हणायचो, ‘लिहीन कधीतरी.’ आता ऐंशी ओलांडली आहे. त्या काळातलं मोहल्ल्यात आता कुणी उरलेलं नाही, आणि जे घडलं ते सगळं माझ्याशिवाय कुणालाच ठाऊक नाही. म्हणून लिहितो.

मी बनारसला बदलीवर आलो तो एका सरकारी कचेरीच्या संगणक कक्षात. राजा घाटाच्या वरच्या गल्लीत भाड्याची दोन खोल्यांची जागा मिळाली. चार घरं सोडून गुरुजी राहत. पाच पिढ्यांपासून घराणं काशीत. महाराष्ट्रातून येणाऱ्या यात्रेकरूंची श्राद्धं, पिंडदान, गंगापूजन करायचं आणि त्यांच्या घराण्यांच्या वह्या सांभाळायच्या, हा पिढीजात उद्योग. त्यांचं मराठी ऐकून मला सुरुवातीला हसू येई. ‘फिकर करू नका’, ‘मला मालूम आहे’, ‘जरा रुका, येतो’. शेजारच्या पानवाल्याशी बोलू लागले की अस्सल बनारसी, आणि संकल्प सोडताना मात्र असे स्वच्छ उच्चार की ऐकत राहावं.

बोलण्याची त्यांना विलक्षण हौस. घाटाच्या पायऱ्यांवर सकाळी त्यांच्याजवळून गेलात तर पंधरा मिनिटं गेलीच म्हणून समजा. कोणाची म्हैस गाभण आहे, शिंदे घाटावर कोण नवा साधू येऊन बसलाय, कोणत्या नावाड्याचं बायकोशी भांडण झालं, सगळं सांगत. मात्र एक गोष्ट त्यांच्या तोंडून कधी कुणी ऐकली नाही. कानातली नावं.

तुम्ही काशीला गेला असाल तर पिंडदान पाहिलं असेल. आई-वडील, आजी-आजोबा, मामा, मावशी, गुरू, मित्र, नोकर, सगळ्यांच्या नावाने पिंड पडतात. सगळं संपलं की गुरुजी एक पिंड हातात राखून ठेवत आणि हळूच विचारत, ‘आणखी कुणी? घरात ज्याचं नाव घेत नाहीत असं?’ हे त्यांच्या वडिलांपासून चालत आलेलं. बहुतेक लोक मान हलवून नाही म्हणत. पण काही जण थांबत. मागे बसलेल्या बायकोकडे, मुलांकडे एकदा बघत, मग पुढे वाकून कानात एक नाव सांगत. गुरुजी त्या नावाने पिंड सोडत आणि वचन देत की दर सर्वपित्रीला या नावाने पाणी देईन. तुम्ही आलात तरी, नाही आलात तरी.

दिलेलं वचन पाळायचं म्हणजे नावं लिहून ठेवणं आलं. त्यासाठी घराण्यांच्या वह्यांहून वेगळी एक वही होती, कुलपाच्या पेटीत. त्यात यजमानाचं आडनाव, गाव आणि त्याच्यापुढे कानात सांगितलेलं नाव, शिवाय यजमानाने सांगितलं असेल तर नातं, गाव, वय. एका वर्षी गंगा वर चढली, खालच्या खोलीत पाणी शिरलं आणि पेटीतली ती वही भिजून फुगली. गुरुजींनी पानं सुटी करून गच्चीवर वाळत घातली आणि माकडांच्या भीतीने स्वतः दोन दिवस काठी घेऊन उन्हात बसले. बायकोला, आमच्या काकूंनाही, गच्चीवर येऊ दिलं नाही. जेवणाचं ताट जिन्यात ठेवायला लावलं.

पुण्याच्या एका यजमानाने त्यांना आपला जुना संगणक देऊन टाकला होता. तो पोत्यात गुंडाळलेला पडून होता. त्या पुरानंतर ते माझ्याकडे आले.

‘मशीनवाले, या डब्यात नावं बसतील का?’

‘बसतील की.’

‘आणि कुणी उघडून वाचली तर?’

मी कचेरीतून एका फ्लॉपीवर एक छोटा प्रोग्राम आणला. फाइल त्याच्या हवाली करायची, परवलीचा शब्द द्यायचा, की फाइलीतली सगळी अक्षरं विस्कटून जात. तोच शब्द पुन्हा दिला की परत जागेवर. मी त्यांना विस्कटलेली फाइल पडद्यावर दाखवली. चौकटी, हसरे चेहरे, उलटी प्रश्नचिन्हं. गुरुजी चष्मा पुसून जवळ आले आणि ते चक्क मोठ्याने वाचायचा प्रयत्न करू लागले. मग मागे टेकून म्हणाले, ‘एकदम पक्का! आमच्या पेटीला चोर नुसतं कुलूप फोडेल. याने तर वहीच वेडी करून टाकली.’

त्या संगणकावर देवनागरी उमटत नव्हती. गुरुजींनी मराठी नावं इंग्रजी अक्षरांत लिहायची ठरवलं आणि एका बोटाने वहीतली सगळी तीनशे नावं उतरवली. दोन पावसाळे लागले. त्या फाइलीला हात लावायचा तर आंघोळ करून, सोवळं नेसून. परवलीचा शब्द टाकताना मी खोलीत असलो तर म्हणत, ‘भिंतीकडे बघा.’ मी भिंतीकडे तोंड करून उभा राहत असे. भिंतीवर बनारसी साड्यांच्या दुकानाचं कॅलेंडर होतं. ते मला पाठ झालं.

त्या वेळची कृती चार पायऱ्यांची होती आणि काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करून करायची. ती त्यांनी संध्येसारखी पाठ केली होती. ‘आधी उघड, मग वाच, मग विस्कट, मग पूस.’ चौथी पायरी महत्त्वाची. उघडलेली साधी प्रत डिस्कवरून पुसून टाकायची. ती पुसल्यावर ते यादी काढून खात्री करत आणि मगच उठत. बत्ती गेली तर पुन्हा येईपर्यंत तिथेच बसून राहत, खुर्चीवर, सोवळ्यात, उपाशी.

चार-पाच वर्षं असं सुरळीत चाललं. मग दुसऱ्या एका यजमानाने नवा संगणक पाठवला. त्यावर विंडोज पंच्याण्णव. रंगीत पडदा, उंदीर, चित्रांवर बोट ठेवलं की काम. घराण्यांच्या वह्याही आम्ही त्यावर चढवल्या. या वह्या उघड्याच असत, त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं. विंडोजमध्ये ‘शोधा’ नावाची एक सोय होती. आडनाव टाइप केलं की ज्या ज्या फाइलीत ते असेल ती फाइल समोर येई. ती मीच त्यांना दाखवली. गुरुजी लहान मुलासारखे खूश झाले. यजमान घरी आला की त्याला संगणकासमोर बसवून म्हणत, ‘टाका तुमचं नाव. पणजोबा भेटतील!’

कुलपाच्या प्रोग्रामचं मात्र नव्या संगणकावर जमेना. तो जुन्या पद्धतीचा. त्यासाठी काळी खिडकी वेगळी उघडायची, फाइलींची लांब नावं त्याला कळत नसत, मधेच तुटक करून दाखवी. गुरुजींना मोतीबिंदूची सुरुवात होती. काळ्या खिडकीतली बारीक अक्षरं दिसत नसत. ते म्हणाले, ‘राहू द्या, मी जुनाच डबा वापरतो त्या कामाला.’

तिथे मी थांबायला हवं होतं. पण कचेरीत मी या कामातला तज्ज्ञ समजला जात होतो, आणि हे मला जमत नाही ही गोष्ट मला सोसेना. मी तीन रविवार त्यात घातले. सगळ्या पायऱ्या एका चित्रामागे बसवायच्या, गुरुजींनी ते दाबायचं, शब्द टाकायचा, बस. पहिला प्रयत्न फसला. नवी विंडोज कशाचीच वाट बघत नव्हती. फाइल उघडते न उघडते तोच पुढची आज्ञा धावे आणि तिला कुलूप घाली. गुरुजींसमोर कोरं पान. ‘मशीनवाले, तीनशे माणसं बुडाली!’ ते ओरडले. काकू स्वयंपाकघरातून धावत आल्या, त्यांना वाटलं नाव उलटली.

मग मी दोन चित्रं केली. एक उघडायचं, एक झाकायचं. आणि मोठ्या अक्षरांचा नवा संपादक, म्हणजे मजकूर लिहायचा-वाचायचा प्रोग्राम, बसवला, त्यांच्या डोळ्यांना सोपा. फार सुबक झालं होतं ते. मी स्वतःवर खूश होतो.

गुरुजींनी दोन्ही चित्रं दाबून पाहिली. मग विचारलं, ‘ती चौथी पायरी कुठे गेली? पुसायची?’

‘ती आता आपोआप होते.’

‘आपोआप म्हणजे कोण करतं?’

मी हसलो. ‘मशीन करतं, गुरुजी. तुम्ही आता यादी काढून बघायची गरज नाही.’

‘तुम्ही म्हणता तर ठीक,’ ते म्हणाले.

जी साधी प्रत उघडली जाई, ती खरोखरच पुसली जात होती. ते मी तपासलं होतं. पण त्या नव्या संपादकाची एक सवय होती. बदल जतन केला की आधीची प्रत तो वेगळ्या नावाने शेजारी ठेवून देई, चुकून काही बिघडलं तर असावी म्हणून. ती प्रत पुसायची आज्ञा मी लिहिलीच नव्हती. तिचा विचारच केला नव्हता. जुन्या पद्धतीत गुरुजी स्वतः यादी काढून बघत, त्यांना ती लगेच दिसली असती. तो त्रास मीच वाचवला होता.

वर्षभराने विदर्भातलं एक घराणं वर्षश्राद्धाला आलं. आई आणि तिशीतला मुलगा. वडील आदल्या वर्षी गेले होते. मीही त्या दिवशी तिथे होतो, पानं मांडायला. गुरुजी वाढण्याच्या गडबडीत. मुलगा शिकलेला, संगणकातला. गुरुजींनी त्याला नेहमीप्रमाणे खुर्चीवर बसवलं. ‘टाका तुमचं नाव, पणजोबा भेटतील!’ आणि ते वडे वाढायला निघून गेले.

पंगतीत मुलगा काही बोलला नाही. वर्षश्राद्धाला कोण बोलतं? मला त्यात वावगं वाटलं नाही.

दीड महिन्याने गुरुजींना त्या बाईंचं पत्र आलं. ते त्यांनी मला वाचायला दिलं. अक्षर वळणदार, मजकूर थोडा. नवऱ्याने पूर्वी काशीला येऊन, त्या मागे बसलेल्या असताना, गुरुजींच्या कानात एक नाव सांगितलं होतं, एका लहान मुलीचं. बदलीच्या गावी झालेली, सातव्या वर्षी गेलेली. ते नाव आता त्यांच्या मुलाने घरात उच्चारलं होतं. कुठून कळलं विचारलं तर ‘काशीत’ एवढंच तो म्हणत होता, आणि वडिलांचा फोटो त्याने भिंतीवरून काढून ठेवला होता. शेवटी लिहिलं होतं, ‘ह्यांनी माझ्यापासून लपवलं, ते त्यांचं त्यांच्यापाशी. पण तुमच्यावर विश्वास ठेवून त्यांनी तोंड उघडलं होतं. तुम्ही माझ्या मुलाला का सांगितलंत?’

गुरुजी म्हणाले, ‘मशीनवाले, कुलूप बघा जरा.’

मी खुर्चीवर बसलो. ते स्वतःहून भिंतीकडे तोंड करून उभे राहिले, कारण नावं दिसतील. मला ती शेजारची प्रत शोधायला एक मिनिटही लागलं नाही. उघडीवाघडी, सगळी तीनशे नावं. अलीकडे उघडलेल्या फाइलींची यादी विंडोज ठेवते, त्या यादीतही ती होती. गुरुजींना तर ती आहे हेच ठाऊक नव्हतं. मुलाने आडनाव टाकलं असेल, दोन फाइली आल्या असतील, त्याने दोन्ही उघडल्या असतील.

मी ती प्रत पुसली. यादी पुसली. पुसायची राहिलेली आज्ञा लिहिली. गुरुजींची पाठ माझ्याकडे होती.

‘कुलूप जसंच्या तसं आहे,’ मी म्हणालो.

ते वळले. माझ्याकडे पाहत राहिले. संशयाने नव्हे. खरं तर मी दुसरं काही सांगावं अशी त्यांची आशा होती, हे मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

‘म्हणजे तोंड माझंच,’ ते म्हणाले.

काकू दारात होत्या. ‘अहो, तुम्ही तर त्या दिवशी वाढतच होता. बोलायला फुरसत तरी होती का?’

‘बोललो असेन. मला मालूम नाही, पण बोललो असेन. बडबडायची खोड आहे मला. जिंदगीभर बडबडलो, कधीतरी घसरणारच.’

त्यांनी त्या बाईंना पत्र लिहिलं की अपराध माझा आहे. पत्र टाकायला मीच गेलो. पेटीपाशी उभा राहून मी ते हातात धरून ठेवलं होतं. मग टाकलं.

त्यानंतर जे झालं ते मोहल्ल्याने पाहिलं, पण कारण कुणाला कळलं नाही. गुरुजींनी ‘आणखी कुणी?’ विचारणं बंद केलं. जुना यजमान स्वतःहून पुढे वाकला तर मान मागे घेत आणि म्हणत, ‘माझ्या तोंडाचा भरवसा नाही. चुलतभावाकडे जा, तो कमी बोलतो.’ घाटावर त्यांच्याजवळून जायला आता पंधरा मिनिटं लागत नसत. पानवाला मला म्हणाला, ‘गुरु को का हो गया? हमसे कौनो गलती भई?’ मी म्हणालो, तब्येत बरी नाही.

काकूंनी एकदा माझ्या बायकोला सांगितलं, ‘मला विचारतात, मी झोपेत बोलतो का ग? रोज सकाळी विचारतात. मी म्हणते घोरता फक्त. हसत नाहीत.’

ते तीनशे नावं पाठ करू लागले. सगळी झाल्यावर मला बोलावून म्हणाले, फाइल काढून टाका. मी काढली. ‘आता डोक्यातच बरी. डोकं तोंडापासून दूर आहे थोडं,’ ते म्हणाले. त्यांचा तो मी ऐकलेला शेवटचा विनोद. सर्वपित्रीला ते पाण्यात उभे राहून मनातल्या मनात नावं घेत. ओठ हलू देत नसत. दुपारपर्यंत उभे असत.

मी का सांगितलं नाही? पहिल्या दिवशी लाज वाटली. दुसऱ्या दिवशी पहिल्या दिवसाचं खोटं आड आलं. पुढे ते खोटं वाढतच गेलं. आमच्या घरी सणासुदीला तेच येत, माझ्या मुलीच्या लग्नात अक्षता त्यांनीच वाटल्या. मोहल्ल्यात कुणाचाही संगणक बिघडला की ते म्हणत, ‘मशीनवाल्यांना बोलवा, त्यांचं काम पक्कं.’ हे ऐकून मी घरी येई आणि जेवत नसे. इतकंच करत असे.

दुसऱ्या हिवाळ्यात त्यांना ताप धरला. उतरेना. काकूंनी निरोप पाठवला की विचारत आहेत. मी त्या दिवशी ठरवून निघालो. चौकातून मलइयोचे दोन कुल्हड घेतले, त्यांना थंडीतला तो दुधाचा फेस फार आवडे. गल्लीतून जाताना वाक्य पाठ करत होतो: गुरुजी, तुम्ही कुणाला काही बोलला नव्हता, चूक माझी होती, मी तुमच्याशी खोटं बोललो, मला माफ करा. एका श्वासात म्हणता येईल इतकंच ठेवलं होतं, मधे थांबलो तर पुढचं निघणार नाही म्हणून.

ते उशीला टेकून बसले होते. चेहरा उतरलेला, पण डोळे शांत. मी बसायच्या आतच त्यांनी उशीखालून एक पत्र काढलं. त्या बाईंचं. मुलाने वडिलांचा फोटो पुन्हा लावला होता. बाईंनी लिहिलं होतं की झालं गेलं गंगेला मिळालं, माझ्या मनात तुमच्याविषयी काही नाही.

‘माफ केलं त्यांनी मला,’ गुरुजी म्हणाले. ‘मशीनवाले, मोठं मन लागतं हो याला.’

‘हो,’ मी म्हणालो. ‘बरं झालं, गुरुजी.’

त्यांनी दोन चमचे मलइयो खाल्लं. काकूंनी मला चहा दिला. मी थंडीविषयी बोललो, डॉक्टरांविषयी बोललो. चहा संपला तसा उठलो. त्यानंतर चौथ्या दिवशी ते गेले, आणि खांदा देणाऱ्यांत मीही होतो. पण त्या सकाळी मी उठून दारापर्यंत पोचलो होतो तेव्हा त्यांनी हाक मारली.

‘मशीनवाले, काही सांगायला आला होता का?’

काकू आत गेल्या होत्या. खोलीत आम्ही दोघंच होतो.

‘नाही,’ मी म्हणालो. ‘सहज आलो होतो.’